तापातली एक लांबलेली फिट, मधली शांत वर्षं आणि लेकीचं ऑपरेशन

लेकीच्या मेंदूचं ऑपरेशन जानेवारी २०२४ मध्ये झालं. त्याआधी कितीतरी रात्री मी मोबाइलवर शोधत बसायचे, पण या वाटेवरून गेलेल्या आईबापांनी मराठीत लिहिलेलं फार थोडं हाती लागायचं. म्हणून जे घडलं ते तारखांच्या क्रमाने लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, कराडच्या एका पतसंस्थेत नोकरी करते. खाली औषधांची नावं येतील, ती आमच्या लेकीसाठी ठरवलेली होती. ती वाचून कुणीही आपल्या मुलाच्या गोळ्यांत बदल करू नये.

सुरुवात जुलै २०१२ ची. ती चौदा महिन्यांची होती. दुपारपासून अंग तापलेलं, संध्याकाळी १०३ ताप, आणि माझ्या मांडीवरच तिची मान डावीकडे वळली. डोळे डावीकडे, डावा हात आणि डावा पाय झटके देतोय, उजवी बाजू मात्र जवळजवळ शांत. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला, शेजारच्या काकांनी गाडी काढली. दवाखान्यात शिरेतून इंजेक्शन दिल्यावर झटके थांबले. तोवर चाळीस मिनिटं झाली होती. हा आकडा डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिला, आणि पुढे प्रत्येक मेंदूविकारतज्ज्ञाने आम्हाला पहिला प्रश्न तोच विचारला: ती पहिली फिट किती वेळ चालली होती आणि कुठल्या बाजूची होती?

पाठीतलं पाणी काढून तपासलं, मेंदूज्वर नव्हता. बालरोगतज्ज्ञांनी आम्हा दोघांना शेजारी बसवून नीट समजावलं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात फिट येते. पंधरा मिनिटांच्या आत थांबणारी, सगळ्या अंगाला येणारी आणि चोवीस तासांत पुन्हा न येणारी फिट असेल, तर बहुतेक मुलं पुढे अगदी ठणठणीत राहतात. आमच्या लेकीची फिट लांबलेली होती आणि एकाच बाजूची होती. त्यामुळे पुढे अपस्मार, म्हणजे पुन्हापुन्हा फिट येण्याचा आजार, होण्याची शक्यता थोडी जास्त, तरीही ‘होईलच’ असं नाही. ‘लक्ष ठेवा, घाबरून राहू नका,’ असं ते म्हणाले.

मधल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ती चालली, बोलली, शाळेत गेली. तापात दोनदा छोटी फिट आली, नंतर तीही नाही. आम्ही तो केसपेपर कपाटात ठेवून दिला. तो फेकला नाही हे फार बरं झालं.

डिसेंबर २०२०. शाळा मोबाइलवर होती. ती म्हणाली, ‘आई, पोटातून काहीतरी वर येतंय.’ पित्त असेल म्हणून घरचे उपाय केले. आठवड्याने पुन्हा तेच, आणि या वेळी मी समोर होते. ती एकटक बघायला लागली. ओठ चाटल्यासारखे, काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलायला लागलं. उजव्या हाताची बोटं फ्रॉकची कड चिमटीत धरून सोडत होती, पुन्हा धरत होती. डावा हात मात्र मनगटातून वळून ताठ झालेला. मिनिटभराने ती भानावर आली आणि जेवायला काय आहे ते तिने दोनदा विचारलं. पहिल्यांदा दिलेलं उत्तर तिला आठवत नव्हतं.

घरात कुणाला ही फिट वाटलीच नाही, कारण पडणं नाही, फेस नाही. तिचे बाबा म्हणाले, पुढच्या वेळी मोबाइलवर काढून ठेव. तो व्हिडिओ आमच्या सगळ्या तपासण्यांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी ठरला. कोल्हापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तो बघितल्याबरोबर सांगितलं की ही फिटच आहे आणि उजव्या कानशिलाच्या आतल्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून येत असावी. व्हिडिओ काढताना चेहरा आणि दोन्ही हात एकत्र दिसतील असा धरा, आणि मुलाशी बोलत राहा, म्हणजे त्याला ऐकू येतंय का हेही त्यात कळतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, झाला, पंधराशे रुपये. आदल्या रात्री तिला जागं ठेवायला सांगितलं होतं. अहवाल जवळजवळ नॉर्मल. एमआरआयला साडेसहा हजार लागले, तोही नॉर्मल. माझा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टर म्हणाले, अहवाल नॉर्मल आहेत म्हणून फिट नाही असं होत नाही. ऑक्सकार्बाझेपिन सुरू झालं. या गोळीने रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, त्याची तपासणी अधूनमधून करावी लागते. पाच-सहा महिने छान गेले. दिवाळीच्या सुमारास फिट परत आल्या. डोस वाढवला, मग लेव्हेटिरासिटॅम जोडलं. फिट कमी झाल्या, पण शांत स्वभावाची पोर चिडचिडी झाली, वह्या भिरकावू लागली. हा त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. तुमच्याकडे असं दिसलं तर मुलाला रागावण्याआधी डॉक्टरांना सांगा. २०२२ च्या पावसाळ्यात क्लोबाझमही आलं, आणि ती वर्गात पेंगायला लागली. महिन्याला औषधांचे चौदाशे रुपये, आणि फिट महिन्यातून चार-पाच, कधी एका दिवसात दोन-तीन लागोपाठ.

त्या काळात घरात बोलणी चालायची ती वेगळीच. ‘मुलीची जात आहे, बाहेर कळू देऊ नका, उद्या लग्नाचं कसं व्हायचं.’ आत्याबाईंना मी एकदा शांतपणे सांगितलं की हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही लग्नाला आड येणारी गोष्ट होती, ती १९९९ मध्ये काढून टाकली आहे. आणि शाळेत कळलंच पाहिजे, कारण तिथे ती दिवसाचे सहा तास असते. वर्गशिक्षिकांना मी एका कागदावर लिहून दिलं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर नाकात मिडॅझोलॅमचा (फिट थांबवणाऱ्या औषधाचा) फवारा मारा आणि दवाखान्यात न्या. किती फवारे ते वजनावरून डॉक्टर ठरवून देतात, चिठ्ठी आणि बाटली बरोबर ठेवायची. बाईंनी तो कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आणि बाकीच्या शिक्षकांनाही दाखवला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही पुण्याला, फक्त अपस्मार बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर मिळायला दीड महिना लागला. त्यांनी २०१२ चा केसपेपर आणि व्हिडिओ शेजारी ठेवले आणि म्हणाले, ‘ताई, दोन योग्य औषधं योग्य डोसात देऊनही फिट थांबल्या नाहीत, तर तिसरं-चौथं जोडून पूर्ण थांबण्याची शक्यता फार कमी असते. आता ऑपरेशनचा विचार करता येतो का ते तपासायचं.’ दोन औषधांचा हा निकष जगभरच्या अपस्मारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये ठरवून दिलेला आहे. आपल्याकडे पाच-पाच औषधं बदलत वर्षं निघून जातात. म्हणून हा परिच्छेद कुणी वगळू नये असं मला मनापासून वाटतं.

मी विचारलं, एवढ्याएवढ्या फिट आहेत, मिनिटभराच्या. त्याने असं काय बिघडतं? त्यांनी केसपेपरच्या मागे मेंदूचं चित्र काढलं. कानाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, आठवणी साठवण्याच्या कामाचा. लांबलेल्या फिटमध्ये तिथल्या काही पेशी मरतात. मरणाऱ्यांत इतर पेशींना आवर घालणाऱ्याही असतात. उरलेल्या पेशींचे धागे मग नव्या, चुकीच्या जागी जोडले जातात, आणि एकमेकींना भडकवणारं जाळं तयार होतं. हे व्हायला वर्षं लागतात. बाहेरून मूल ठीक दिसतं आणि आत ही घडामोड चालू असते. मग ज्या फिट येतात, त्या प्रत्येक वेळी त्याच वाटेने जातात आणि वाट आणखी सोपी करतात. मी शेतकऱ्याची मुलगी. आमच्या रानात ओढ्याकडचा बांध एकदा फुटला की पुढच्या पावसात पाणी तिथेच धडक मारतं, हे मी लहानपणापासून बघितलंय. मला ते लगेच पटलं.

घरी आल्यावर मी बरंच वाचलं. फिटच पुढच्या फिटला वाट करून देते, हा विचार लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी १८८१ मध्येच मांडला होता. १९६० च्या दशकात कॅनडात ग्रॅहम गॉडार्ड यांनी उंदरांच्या मेंदूला रोज विजेचा अगदी हलका धक्का दिला. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. पण तोच धक्का रोज देत गेल्यावर उंदरांना झटके यायला लागले, आणि काही आठवडे विश्रांती दिल्यावरही तो धक्का लागला की झटका येई. मेंदूत कायमचा बदल झाला होता.

पण माणसात हे इतकं सरळ नाही, आणि हे मला त्या डॉक्टरांनीच बजावून सांगितलं. पहिली फिट आल्या-आल्या औषध दिलं तर पुढची एक-दोन वर्षं फिट कमी येतात, मात्र लांबच्या काळात त्याने फारसा फरक पडत नाही, असं २००५ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. बऱ्याच मुलांचा अपस्मार औषधाने किंवा वयानुसार आपोआप जातो. तापातली लांबलेली फिट आलेल्या मुलांचे लगेच एमआरआय काढले, तर साधारण दहातल्या एकाच्या हिप्पोकॅम्पसला सूज आढळते, सगळ्यांच्या नाही. शिवाय आधीपासूनच तो भाग नाजूक होता म्हणून फिट लांबली, की फिट लांबली म्हणून तो भाग खराब झाला, हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते आईबापाने यातून एवढंच घ्यावं: एखाद-दुसऱ्या फिटने मेंदू जळून गेला असं समजून रडत बसू नये, आणि लांबलेल्या किंवा औषधाला दाद न देणाऱ्या फिटकडे ‘होईल हळूहळू’ म्हणून बघू नये.

पुन्हा एमआरआय झाला, मार्च २०२३ मध्ये. या वेळी तीन टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या यंत्रावर, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ असं लिहून दिलं होतं. यात हिप्पोकॅम्पसला आडवे छेद घेणारी बारीक चित्रं काढतात. नऊ हजार रुपये. अहवालात आलं की उजवा हिप्पोकॅम्पस आकसलेला आणि त्यावर व्रण. दोन वर्षांपूर्वीच्या साध्या एमआरआयमध्ये हे दिसलं नव्हतं. चिठ्ठीवर हे शब्द आहेत का, ते तपासणीला जायच्या आधी बघून घ्या.

जूनमध्ये व्हिडिओ ईईजी. यात मूल रुग्णालयात दाखल असतं, डोक्याला तारा, समोर कॅमेरा, आणि औषधं हळूहळू कमी करत नेतात, म्हणजे फिट यावी. इतकी वर्षं जी येऊ नये म्हणून धडपडलो, तिचीच वाट बघत बसायचं. हे मनाला फार जड गेलं. आदल्या दिवशी केस धुऊन न्या, तेल अजिबात नको. पुढून बटणं असलेले कपडे घ्या, डोक्यावरून काढायचे कपडे घालता येत नाहीत. पत्ते, चित्रकलेची वही, चार्जरची लांब वायर बरोबर असू द्या. सोबतच्या माणसाच्या हातात एक बटण देतात, फिट सुरू झाली की ते दाबायचं आणि पांघरूण बाजूला करायचं, कारण कॅमेऱ्याला हातपाय दिसायला हवेत.

पहाटे फिट आली. सिस्टर धावत आल्या आणि विचारायला लागल्या, नाव काय तुझं, हा रंग कुठला, ‘कमळ’ हा शब्द लक्षात ठेव. लेक डोळे न हलवता म्हणाली, ‘पाणी नको मला.’ कुणी पाणी विचारलं नव्हतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की फिट चालू असताना स्पष्ट बोलता येणं, ही ती फिट बोलण्याचं केंद्र असलेल्या बाजूची नाही, याची एक खूण आहे. तिचं ते केंद्र डाव्या बाजूला होतं, फिट उजवीकडून येत होती. ‘कमळ’ तिला आठवलं नाही. सगळ्या फिट उजव्या टेम्पोरल भागातूनच आल्या. खर्च अडतीस हजार, खोलीचं भाडं धरून.

त्यानंतर मानसशास्त्रीय चाचण्या झाल्या: गोष्ट ऐकून पुन्हा सांगायची, आकृत्या बघून नंतर आठवून काढायच्या. चाचणी मराठीत घ्या, असं आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. तुम्हीही सांगा, नाहीतर भाषा न कळल्याने गुण कमी पडतात आणि स्मरणशक्तीचा अंदाजच चुकतो. पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतो ते दाखवणारी तपासणी, उपाशीपोटी, सोळा हजार. ऑगस्टमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ, सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ सगळे एकत्र बसून केस बघणार होते, ती बैठक सप्टेंबरच्या अखेरीस झाली. ही वाट बघणं सगळ्यात अवघड होतं, कारण औषधं कमी करून पुन्हा वाढवलेल्या त्या काळात फिट वाढल्या होत्या.

बैठकीनंतर सर्जननी आम्हाला तासभर दिला. उजव्या टेम्पोरल भागाचा पुढचा तुकडा आणि हिप्पोकॅम्पस काढायचा. त्यांनी दिल्लीच्या एम्समधला २०१७ चा अभ्यास सांगितला: औषधाला दाद न देणारा अपस्मार असलेली ११६ मुलं. वर्षभरानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांच्या फिट थांबल्या होत्या, नुसत्या औषधावर असलेल्यांपैकी ७ टक्के मुलांच्या. त्याच दमात हेही सांगितलं, की ऑपरेशनच्या गटातल्या १९ मुलांना गंभीर त्रास झाला, पण त्या अभ्यासात मेंदूच्या वेगवेगळ्या भागांची, बरीच मोठीही ऑपरेशनं होती. आमच्या लेकीला मुख्य धोका नजरेचा: डावीकडचा वरचा कोपरा थोडा कमी दिसू शकतो. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते आणि एकेक विचारला. बारा वर्षांच्या लेकीनेही एक विचारला, ‘माझ्या आठवणी काढणार का?’ सर्जन म्हणाले, ‘डावी बाजू तुझी पक्की आहे, ती सांभाळेल. चाचण्या त्यासाठीच घेतल्या.’ हे ऐकल्यावरच ती हो म्हणाली.

आता कागदपत्रं. आमचं रेशनकार्ड केशरी, म्हणून महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन बसत होतं. पण रेशनकार्डावर लेकीचं घरातलं लाडाचं नाव होतं आणि आधारवर शाळेतलं. तहसीलमधल्या पुरवठा शाखेत जन्मदाखला, आधार आणि अर्ज देऊन नाव दुरुस्त करायला जवळजवळ एक महिना गेला. ऑपरेशनचं नाव निघालं की पहिल्याच दिवशी ही दोन कागदं शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवून बघा. रुग्णालयात योजनेचा कक्ष असतो, तिथले आरोग्यमित्र कागद तपासून मंजुरीला पाठवतात. नेमकं कुठलं ऑपरेशन आणि त्याचा कोड कुठला, हे सर्जनकडून लिहून घ्या. तेव्हा योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती, आता ती पाच लाख आहे. आधीच्या तपासण्या मात्र आमच्या खिशातून गेल्या, सगळ्या मिळून सत्तर हजारांच्या आसपास, शिवाय पुण्यातला राहण्याचा खर्च. तिचे बाबा आणि माझा भाऊ यांनी रक्तदान केलं.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं, दुपारनंतर सर्जन बाहेर आले. उजवा डोळा सुजून बंद झालेला, कानापुढे टाके. कुणी आधी सांगितलं नव्हतं अशी एक गोष्ट लिहिते: तिथला चावण्याचा स्नायू कापावा लागतो, म्हणून काही आठवडे तोंड नीट उघडत नाही. तिच्या तोंडात लहान चमचासुद्धा आडवा जात नव्हता. मऊ खिमट, पातळ वरण आणि मुगाचं कढण यावर दिवस काढले. फिजिओथेरपिस्टने तोंड उघडायचे व्यायाम शिकवले, त्याने हळूहळू सुटलं. काढलेल्या भागाची तपासणी झाली, त्यातही हिप्पोकॅम्पसचा व्रणच निघाला.

मार्चअखेर ती शाळेत गेली. एप्रिलमध्ये तापात एकदा पोटातून वर आल्यासारखं झालं, तेवढ्यावरच थांबलं. त्यानंतर फिट नाही. नजरेची तपासणी केली तेव्हा डावा वरचा कोपरा थोडा कमी भरला, तिला स्वतःला ते जाणवत नाही. पहिलं वर्षभर तिन्ही औषधं तशीच ठेवली होती. ऑपरेशन झालं म्हणजे गोळ्या सुटल्या असं समजून परस्पर बंद करणं धोक्याचं असतं. २०२५ मध्ये क्लोबाझम अगदी हळू कमी करत बंद झालं, आणि वर्गातलं पेंगणं गेलं. पुढच्या ईईजीनंतर लेव्हेटिरासिटॅमचं ठरेल. ऑक्सकार्बाझेपिन मात्र सगळ्यात शेवटी काढायचं, असं डॉक्टरांनी आत्ताच सांगून ठेवलंय.